पहिले मी उतरतो

माझ्या लेकीच्या छोट्या डर्ट बाईकचा मागचा ब्रेक लागेना, म्हणून आम्ही बुलढाण्यात घाटाच्या तोंडाशी असलेल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी झिजलेलं रबर बदललं, नवं ब्रेक ऑइल भरलं. लेक पायानं ब्रेक दाबून धरी. ते नट सैल करून नळीतून हवेचे बुडबुडे काढत आणि लगेच आवळत. बुडबुडे थांबेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

मी गाडी घ्यायला पुढे झालो.

"थांबा. पहिले मी उतरतो."

"तुम्ही कशाला?"

"काम माह्या हातचं हाय. चुकलं असंन तर मले लागू द्या, पोरीले काऊन?"

गुडघे छातीशी घेऊन ते त्या बुटक्या गाडीवर घाट उतरू लागले. पहिल्या वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबताच मागचं चाक जागच्या जागी थांबलं.

ते परत आले तेव्हा लेक त्यांच्या पाया पडली. मग मीही वाकलो.