राजाला नमस्कार करणारे आबा

आमचे आबा अत्यंत भित्रे होते.

श्रद्धांजलीची पोस्ट अशी सुरू करत नाहीत, माहीत आहे. गेलेला माणूस फेसबुकवर एकदम वाघ होतो. पण माझ्या आजोबांना कुणी वाघ म्हटलं असतं, तर ते घाबरून आतल्या खोलीत गेले असते.

बेचाळीस साल. आबा शिंदखेड्याच्या पोस्टात. ड्युटी एकच, टपालावर तारखेचा शिक्का मारायचा.

तेव्हा तुरुंगातल्या एका मोठ्या पुढाऱ्याच्या गौरवाची तिकिटं लोकांनी गुपचूप छापली होती. टपालाला उपयोग शून्य. इंग्रज राजाच्या तिकिटाशेजारी चिकटवायची, बस्स.
असं पाकीट दिसलं की पोलिसांकडे द्यायचा हुकूम.

एका सकाळी आबांच्या हातात तसलंच पाकीट आलं.
पत्ता देवपूरचा. अक्षर अक्काचं.

अक्का म्हणजे माझी आजी. मागे स्वतःचं पूर्ण नावसुद्धा लिहिलेलं. डेअरिंग बघा!

समोरच्या टेबलावर पोस्टमास्तर.

राजावर त्यांनी एक शिक्का मारला. पुढाऱ्यावर पाच. चेहरा पार काळा होईपर्यंत.

आणि घात झाला.
कुणाला चुकून पाय लागला की आपला हात आपोआप जातो ना, तसा त्यांचा गेला. बोटं पाकिटाला लावली, मग छातीला.

"कुणाला नमस्कार केलास रे?"
"रा... राजाला, साहेब."
"मग बाकीच्या पाकिटांवर काय राजाचा नोकर आहे?"

आबांनी पुढचं पाकीट ओढलं. शिक्का. नमस्कार. त्याच्या पुढचं. शिक्का. नमस्कार.
पोस्टमास्तर बघत राहिले. अक्काचं पाकीट थैलीत गेलं.

नमस्कार थांबला तर संशय येईल, म्हणून थेट सत्तेचाळीसपर्यंत. रोज. प्रत्येक पाकिटाला.

गावाने त्यांना राजाचा गडी ठरवलं. रामराम बंद. अक्काने तर ताट आदळलं.
"गोऱ्याना पाया पडतस तुम्ही? लाज नही वाटस?"
आबा खाली मान घालून जेवले.

हे त्यांनी मला सांगितलं ते अक्का गेल्यावर.
"स्वातंत्र्यानंतर तरी सांगायचं ना तिला!"

"पाच शिक्का मारेल शेतस मी त्या मानूसना तोंडवर. तिले कसं सांगू? पोलिसनं भ्याव सत्तेचाळीसले गयं, बेटा. तिन्हं नही गयं."

आबा, आज तुमची पुण्यतिथी. मी सगळं इथे लिहून टाकलंय.
अक्का आता विचारेलच.
या वेळी सांगून टाका.