साडूभाऊंच्या तीन ओळी

नगर जिल्ह्यात असा एकही धंदा नसेल, ज्यातून माझे थोरले साडू एकदा तरी बाहेर पडलेले नाहीत. नोकरीत शिरणं कुणालाही जमतं. तिच्यातून हसतमुखाने, मालकाच्या हातचा चहा पिऊन बाहेर पडणं फक्त त्यांनाच जमलं. कोपरगावचा हा माणूस साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होता, दूध संकलन केंद्रावर होता, बँडपथकात क्लॅरिनेट वाजवत होता, शनिशिंगणापूरला पूजासाहित्याच्या दुकानात होता, एमआयडीसीत गेटवर होता, आणि मध्ये आठ महिने नेमका कुठे होता हे माझ्या मेव्हणीलाही धड सांगता येत नाही. एवढं करून प्रत्येक नवीन नोकरीच्या अर्जात मागच्या सगळ्या नोकऱ्या लिहिल्याच पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. ‘आपन ज्याचं मीठ खाल्लं, त्याचं नाव गाळायचं व्हय?’ असं म्हणून ते फुलस्केपचे कागद जोडत. टाचणी गंजते म्हणून सुईदोऱ्याने शिवत. एकदा वॉचमनच्या जागेसाठी त्यांनी अकरा पानांचा अर्ज दिला, तेव्हा तो मालक म्हणाला होता, ‘हे वाचायला मला रजा काढावी लागेल.’

अर्जातला त्यांचा सगळ्यात आवडता रकाना म्हणजे ‘नोकरी सोडण्याचे कारण’. तिथे लोक ‘वैयक्तिक अडचण’ लिहून मोकळे होतात. साडूभाऊ खरं लिहीत. दूध केंद्रापुढे लिहिलेलं, ‘पाणी दुसऱ्याने घातले, शिव्या मी खाल्ल्या.’ बँडपुढे, ‘वरात थांबली, मी थांबलो नाही.’ शिंगणापूरच्या दुकानापुढे, ‘एवढं तेल नको, थोडं पुरे, असे गिऱ्हाइकास सांगितले.’ शिक्षण विचारलं की ‘दहावी पास, अकरावी पाहिली’. आणि ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावं मागितली, तर ज्या दोन मालकांनी त्यांना काढून टाकलं त्यांची देत. ‘का हो?’ असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘त्यांच्याइतकं मला दुसरं कोन वळखतंय?’

आता माझ्याबद्दल सांगितलं पाहिजे. मी पारनेर तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेत हेडक्लार्क. आमच्या संस्थेचा नोकरीचा अर्ज पूर्वी सहा पानी होता. त्यात जात तीनदा विचारलेली, अंगावरची खूण दोनदा, आणि वडिलांच्या वडिलांचा धंदासुद्धा. मी दोन महिने बसून तो अर्ज एका पानावर आणला. कामाच्या अनुभवाला फक्त तीन ओळी ठेवल्या आणि खाली टीप टाकली, ‘प्रमाणपत्र असलेलाच अनुभव लिहावा.’ संस्थेच्या सभेत माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला. त्या टिपेचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

पुढच्याच वर्षी आमच्या वसतिगृहासाठी गृहपालाची जागा निघाली. पहिली ते सातवीची मुलं. त्यांच्याजवळ राहायचं, त्यांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं बघायचं. अट किमान दहावीची. साडूभाऊंनी जाहिरात वाचली आणि रविवारी दुपारी एसटीने थेट माझ्या दारात. पिशवीतून यादी काढली. एकोणीस नोकऱ्या.

‘साडूभाऊ, तीन ओळी आहेत,’ मी म्हणालो.

‘मंग बारीक अक्षरात लिवतो.’

मी लाल पेन घेऊन बसलो. बँड कापला, दुकान कापलं, आठ महिने कापले. एकेक नोकरी कापली की साडूभाऊ तिची एकेक गोष्ट सांगत आणि मग स्वतःच म्हणत, ‘ऱ्हाऊ द्या, काढा.’ शेवटी चार उरल्या. वजनकाटा, दूध केंद्र आणि एमआयडीसीचं गेट, या तिन्हींची प्रमाणपत्रं होती. चौथीचं काहीच नव्हतं. खरं तर ती नोकरीही नव्हती. कारखान्यावर असताना ऊसतोडीला आलेल्या लोकांची लहान पोरं ऊस टाकतात त्या गव्हाणीशी, ट्रकच्या चाकांमध्ये खेळायची. साडूभाऊंनी कारखान्याकडून एक रिकामी शेड मागून घेतली. आईबाप फडात गेले की पोरं शेडमध्ये. त्यांना आंघोळी घाल, खिचडी शिजव, पाटीवर गिरवून घे. चार हंगाम हा माणूस काट्यावरची पाळी संपवून हेच करत होता. यादीत या कामापुढे ‘सोडण्याचे कारण’ त्यांनी लिहिलंच नव्हतं.

‘याला पुरावा काय?’ मी विचारलं.

‘पुरावा? पोरं की. पर ती आता कुटं असतील...’

चहा घेऊन आलेली माझी बायको दारातच थांबली. ‘अहो, दाजींचं ते पोरांचं तरी राहू द्या.’

‘तुला ऑफिसातलं काय कळतं?’ मी म्हणालो. माझ्या मनात वेगळंच होतं. अर्जदार माझा साडू. त्याच्या अर्जात बिनपुराव्याचं काही आढळलं तर बोट माझ्याकडे येणार. मी ती ओळ कापली आणि वर बजावलं, ‘मुलाखतीत कागदावर नाही ते तोंडातून काढू नका.’ त्यांनी मान डोलावली. पहिल्यांदाच एका पानाचा अर्ज भरल्याचं त्यांना कौतुक वाटत होतं.

मुलाखतीच्या दिवशी मी फायली घेऊन टेबलाच्या कडेला बसलो होतो. साडूभाऊ इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. अध्यक्षांनी अर्ज पाहिला, मग आपुलकीने विचारलं, ‘वजनकाटा, दूध, गेट... लहान मुलांबरोबर कधी काम केलंय का हो तुम्ही?’

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. पाहुणा जसा घरच्या माणसाकडे बघून विचारतो, की पाणी घेऊ का, तसं ते बघत होते. मी फायलीत डोकं घातलं.

‘कागदावर न्हाई, साहेब,’ ते म्हणाले.

समितीतलं कुणीतरी हसलं. पुढचा उमेदवार आत आला. त्याची फाईल जाड होती, प्रमाणपत्रांना प्लॅस्टिकची पाकिटं होती. तो लागला, आणि दिवाळीच्या सुट्टीत गेला तो परत आलाच नाही.

साडूभाऊंनी मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. बायको तर त्या दिवसापासून ऑफिसातली कुठलीच गोष्ट ती मला विचारत नाही. पुढे कोपरगावला एका बारशात ते भेटले. तेव्हा ते रोपवाटिकेत कामाला होते, हाताच्या नखांत माती होती. जेवता जेवता म्हणाले, ‘पाव्हणं, तुमच्या हॉस्टेलात नवी पोरं पैल्या आठवड्यात लई रडत असतील न्हाई?’

‘रडतात.’

‘त्यांना पोळ्या लाटायला बसवा. वाकड्या होऊ द्या. आपली पोळी कंची, हे बघन्यात पोरगं रडायचं इसरतं.’

त्या जूनमध्ये मी हे त्या पळालेल्याच्या जागी आलेल्या नव्या गृहपालाला सांगितलं. आठवड्याभराने अध्यक्ष वसतिगृहात आले, तर स्वयंपाकघरात वीसेक मुलं कपाळाला पीठ लावून बसलेली आणि वाकड्या पोळ्यांवरून हमरीतुमरी चाललेली. अध्यक्षांनी विचारलं, ‘ही कल्पना कुणाची?’ मी साडूभाऊंचं नाव सांगितलं. शेडचंही सांगितलं, चार हंगामांचं सांगितलं.

‘मग आपण त्यांना घेतलं का नाही?’

‘माझ्यामुळे,’ मी म्हणालो.

ते म्हणाले, ‘पुढच्या वेळी त्यांना बोलवा. अर्ज नको.’ मी तिथूनच कोपरगावला फोन लावला. साडूभाऊ मनापासून हसले. ‘आता गुडघं ऐकत न्हाईत, पाव्हणं. पोरांमागं पळावं लागतं,’ म्हणाले. तेवढ्यात त्यांना फोनमधून मुलांचा गलका ऐकू गेला असावा.

‘जरा धरा की फोन त्यांच्याकडं,’ ते म्हणाले.

मी धरला. बराच वेळ धरला.