हातमोज्याची खोळ

वर्ध्याजवळ नालवाडीला आमच्याकडे आलेल्या कोणी विचारलं की मी काय करते, तर आई सांगते, "कॉम्प्युटरवर वाचते." ते खोटं नाही. नागपूरच्या एका लहानशा कचेरीसाठी मी पेटंटचे अर्ज वाचते. कोणी काही नवं बनवलं की ते खरोखर नवं आहे का, हे जगभरच्या जुन्या अर्जांमध्ये शोधायचं. बहुतेक दिवस घरूनच काम असतं, आठवड्यातून एकदा नागपूरला जावं लागतं. या कामात फार बोलावं लागत नाही, म्हणूनही मला ते आवडतं.

माझ्या वाट्याला स्पर्शाचा विषय आला. यंत्राला स्पर्श कळावा म्हणून जे सेन्सर बनवतात, त्यांचे अर्ज. ते क्रमाने वाचत गेलं की शेजारचं मूल मोठं होताना दिसावं तसा तो विषय वाढताना दिसतो. जुन्या अर्जांतल्या यंत्राला एवढंच कळायचं, काही लागलं की नाही. पुढे किती जोराने लागलं ते कळू लागलं. मग हातातली वस्तू निसटते आहे का, ती खरखरीत आहे की गुळगुळीत. कोणी कापडातच सेन्सर विणले. कोणी मऊ जेलच्या मागे बारीक कॅमेरा बसवला आणि जेल कसं दबतं ते पाहून स्पर्श ओळखला. अलीकडे तर रोबोच्या हातांसाठी अर्जांची रीघ लागली आहे आणि त्यातले कितीतरी चीनमधून येतात. यंत्राच्या बोटांना अंडं न फोडता उचलता यावं म्हणून लोक किती डोकं लावतात, हे मी रोज वाचत होते आणि आमच्या स्वयंपाकघरात बाबांच्या हातून कप पडत होते.

बाबा देवळीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांचं फळ्यावरचं अक्षर पाहायला दुसऱ्या वर्गावरचे शिक्षक यायचे, असं आई अजून सांगते. शुगरने आधी त्यांच्या पायांना मुंग्या आणल्या, मग बोटांची टोकं बधिर झाली. कप हातात आहे हे डोळ्यांना दिसायचं, बोटांना कळायचं नाही. कधी इतका घट्ट धरायचे की हात थरथरायचा, कधी इतका सैल की कप जायचा. याबद्दल ते घराबाहेर एक अक्षर बोलले नाहीत. पाहुणे आले की चहा घ्यायचाच नाही. "आत्ताच झाला," म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत जेवायचं टाळायचे. लोक म्हणायचे, गुरुजी रिटायर झाल्यापासून थोडे अकडू झाले. त्यांना ते चालत होतं. त्यांचं न बोलणं माझ्यात पुरेपूर उतरलं आहे, म्हणून मला त्याचं कारण कोणी सांगावं लागलं नाही.

बधिर हातासाठी हातमोजे करण्याची कल्पना माझी नाही. बोटाच्या टोकाशी सेन्सर लावायचा आणि जिथे संवेदना शाबूत आहे तिथे, म्हणजे दंडावर, एक पट्टी थरथरवायची, असे अर्ज मी कितीतरी वाचले होते. तसा एक मोजा मी घरी शिवला. चांदीचा मुलामा असलेला, वीज वाहून नेणारा दोरा मागवला, सर्किट कॉलेजमध्ये शिकलेच होते. हिवाळ्यात मोजा झकास चालला. एप्रिल लागला आणि तो वेड्यासारखा वागू लागला. बाबांनी काहीच धरलेलं नसताना दंडावरची पट्टी थरथरायची. घामाने कापड ओलं झालं की सेन्सरला वाटायचं, हाताने काहीतरी दाबलं. ज्यांनी ते अर्ज केले होते त्यांच्या प्रयोगशाळा थंड असाव्यात. वर्ध्याचा मे त्यांच्या कोणाच्या आकृतीत नव्हता.

त्याच्यावरचा उपाय मला पावसाळ्यात सापडला आणि तो माझाच आहे, हे लिहिताना मला आजही बरं वाटतं. इंग्रजी शाळेत आम्हाला शिवणकामाचा तास होता. तिथे मी शर्टाचं काज करायला शिकले होते. काजाच्या कडेला दोऱ्याचा जो उभा वेढा बसतो, तो कापड दाबलं तरी सहसा चपटा होत नाही. मी त्या चांदीच्या दोऱ्याची दोन वर्तुळं शिवली. एक साधं, दाब लागेल असं आणि त्याच्या भोवती काजाच्या टाक्याचं, जे घामाने ओलं होईल पण दाबलं जाणार नाही. पहिल्यातून दुसरं वजा केलं की घाम निघून जातो आणि उरतो तो नुसता दाब. पावसाळ्यातल्या दमट उकाड्यात बाबांनी स्टीलचा पेला उचलला, पाणी प्यायले आणि पेला परत ठेवला. ठेवताना आवाजसुद्धा झाला नाही.

माझ्या कचेरीतल्या मॅडम पेटंटचे अर्ज लिहितात. त्यांनी मला आधी स्वतःच शोध घ्यायला लावला. दुसऱ्यांची नवलाई खोडून काढायची मला सवय, तशीच मी स्वतःची खोडायला बसले. हिवाळा आला तरी मला ती खोडता आली नाही. मग मॅडम म्हणाल्या, अर्ज तुझ्याच नावाने करू, फक्त तो दाखल होईपर्यंत हे कोणाला दाखवायचं नाही. आधी लोकांना दाखवलेली वस्तू कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही.

मी घरी तसंच सांगितलं. "कोणाला सांगू नका." यातच घोळ झाला. कारण हे वाक्य मी घरात आयुष्यभर म्हणत आले आहे. दहावीचा निकाल लागला तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, अगदी वाढदिवसालाही. आणि दर वेळी आईने पेढे वाटले आहेत. आमच्या घरात माझ्या त्या वाक्याचा अर्थ एवढाच होतो की पोरगी लाजून राह्यली, आपणच सांगावं लागेल. या वेळी त्यामागे कायदा आहे हे मी समजावून सांगायला हवं होतं, पण दोन वाक्यांत सुटण्याची माझी सवय.

संक्रांतीनंतर आईचं हळदीकुंकू होतं. मी त्या दिवशी नागपूरला होते. परतीच्या गाडीत फोन पाहिला तर कॉलनीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. आमचा हॉल, सतरंजीवर बसलेल्या बायका, तिळाच्या लाडवांचं ताट आणि मधोमध माझे बाबा. हळदीकुंकवाला आमच्याकडचे पुरुष आतल्या खोलीत बसतात किंवा चौकात जाऊन येतात. बाबा बायकांच्या मधे उभे होते, हातात मोजा घातलेला, आणि भरलेला कप उचलून दाखवत होते. त्यानंतर समोरच्या काकूंनी मोजा घातला, लाडू दाबला आणि ओरडल्या, "अवं माय, दाबलं बोटानं आन् दंड गुदगुल्या करून राह्यला!" मागून कोणीतरी म्हणालं, "पोरगी एवढी हुशार हाय, बोलत काऊन नाई वं?" सगळ्या हसल्या. व्हिडिओखाली अंगठ्यांची आणि फुलांची रांग लागली होती.

मला गाडीत घाम फुटला. एरवी तो माझ्या कौतुकाचा व्हिडिओ होता म्हणूनही फुटला असता. आता मात्र माझा अर्ज माझ्याच घरच्या हॉलमध्ये संपला असं वाटत होतं.

घरी पोचले तेव्हा रागावायचं ठरवूनच आत शिरले. बाबा दारातच होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बेटा, आज सांगून टाकलं मी सगळ्याइले. बोटं काम नाई करत म्हून."

मी चप्पल काढत होते, तशीच थांबले.

"मंग लोकं म्हनले, गुरुजी, आधीच सांगाचं ना. चहाले येत जा," ते पुढे म्हणाले आणि हसले. इतकी वर्षं त्यांनी जे झाकून ठेवलं होतं, ते माझ्या मोज्यामुळे उघड केलं होतं. रागवायचं राहूनच गेलं. मी आत गेले आणि जेवले.

सकाळी मॅडमना फोन केला आणि व्हिडिओ पाठवला. त्या चिडल्या नाहीत, त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. मोज्याने काय होतं हे दिसलं, पण ते कसं होतं हे कोणाला दिसलं का? मोजा कोणी उलटा केला का? दोरा, टाका, वर्तुळं, यातलं काही कोणाच्या नजरेस पडलं का? मी व्हिडिओ पुन्हा पाहिला तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. मोज्यावर मरून रंगाची खोळ होती. आईच्या जुन्या ब्लाउजच्या अस्तराची, नेटकी शिवलेली, मनगटाशीही बंद केलेली. मी नागपूरला निघाले तेव्हा ती नव्हती.

आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. वर न पाहताच म्हणाली, "आतलं वायर-गियर चार लोकाइत बरं दिसते का?" समोरच्या काकूंनी उलटा करून पाहू द्या म्हटलं होतं, तेही तिनेच सांगितलं.

"मंग तू काय म्हणालीस?"

"नाई म्हटलं. परकर उलटा करून दाखवते का कोनी?"

हे मी मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. त्या बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, काहीच धोका नाही असं मी म्हणणार नाही, पण जे तुझं आहे ते खोळीच्या आत राहिलं आहे. अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात दाखल केला. बधिर हाताचा मोजा या कल्पनेवर आम्ही हक्क सांगितला नाही. ती आमची नव्हतीच, आणि आता ती कॉलनीच्या ग्रुपवरही होती. हक्क सांगितला तो फक्त टाक्यावर आणि वजाबाकीवर. मॅडमनी व्हिडिओची गोष्टही आपल्या फाइलीत नोंदवून ठेवली. लपवायचं काही नाही, म्हणाल्या.

पेटंट अजून मिळालेलं नाही. परीक्षकांचे प्रश्न आले, त्यांनी पुढे केलेले जुने अर्ज मी आधीच वाचलेले होते. कपाट लावताना कुठल्या खणात काय आहे हे माहीत असावं, तशी मी उत्तरं लिहिली. टाक्यावर त्यांना काहीही सापडलं नाही. त्याआधीच मॅडमनी विनंती करून अर्ज लवकर प्रसिद्ध करून घेतला होता, आता तो कोणालाही वाचता येत होता. ज्या यादीत मी रोज शेन्झेन, टोकियो, सोल वाचते, त्यात एके दिवशी नालवाडी, वर्धा असं वाचलं. मी ते घराबाहेर कोणाला सांगितलं नाही. आईने सांगितलं.

पुढच्या संक्रांतीला मी हळदीकुंकवाच्या दिवशी रजा घेतली. बायका जमल्या, बाबा बाहेरच्या खुर्चीत चहा पीत होते, कप एका हातात. समोरच्या काकू म्हणाल्या, "थो मोजा कुठं हाय? का यंदाबी खोळीतच ठेवता?"

मी तो आणला. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या आणि माझे कान तापले होते, तरी मी आईच्या डब्यातली कात्री घेतली आणि मरून अस्तराचे टाके एकेक करून उसवले. आई सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग मी मोजा उलटा केला, काकूंच्या हातात दिला आणि वर्तुळावर बोट ठेवून म्हटलं, "हा काजाचा टाका. हा मी शिवला."

काकूंनी चष्मा वर केला आणि मोजा डोळ्यांजवळ नेला.