एण्णीचं पिंप

आमची अक्का काय काम करते, हे गल्लीत कुणालाच धड सांगता येत नाही. समोरच्या जनाबाई म्हणतात, औषधाची डॉक्टर. आमचे अप्पा म्हणतात, तपासणीवाली. खरं म्हणजे हवेतून, पाण्यातून, कातडीतून माणसाच्या अंगात कुठलं रसायन जातं आणि त्यानं काय होऊ शकतं, याचा अंदाज गौतमीअक्का बांधते. धारवाडला तिची प्रयोगशाळा आहे. तिला काहीही विचारा, ती उलट विचारणार: किती गेलं, कुठून गेलं, किती दिवस गेलं? लग्नाच्या पंगतीत कुणी जिलबीच्या रंगाबद्दल विचारलं तरी तेच. सरळ उत्तर म्हणून बाई कधी देणार नाही.

नोकरीच्या सुरुवातीला ती खेड्यांतून फिरायची. शेतात राबणाऱ्या बायकांना कन्नडमध्ये विचारायची, रसायनांशी तुमचा संबंध येतो का? सगळ्या नाही म्हणून माना हलवायच्या, "इल्ल री." मग एकदा त्यांच्यातलीच एक बाई कोपरापर्यंत हात घालून बादलीत पांढरं काहीतरी ढवळताना दिसली. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "इदु एण्णी री!" आता एण्णी म्हणजे तेल. शेंगाचं, खोबऱ्याचं, कुठलंही. पण तिकडे शेतात पिकावर मारायच्या विषालाही एण्णीच म्हणतात. अक्का पुन्हा सगळी गावं फिरली आणि नवा प्रश्न विचारला, एण्णी मारता का? सगळ्याजणी म्हणाल्या, मारतो की! ही गोष्ट ती जेवताना रंगवून सांगायची. आई आणि मी पोट धरून हसायचो. अप्पा मात्र अर्ध्यातच झोपलेले असायचे.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, नवनगरला आले, तेव्हा उन्हाळा पेटला होता. आमच्याकडे नळ कधी येईल याचा नेम नाही, आला की घरातलं वाटीभांडंसुद्धा भरून ठेवायचं. लेक आलीय, पाणी कमी पडायला नको, म्हणून अप्पांनी जवळच्या अमरगोळच्या बाजूनं एक मोठं, जुनं निळं पिंप विकत आणलं. रेल्वेच्या वर्कशॉपात जन्म घालवलेला माणूस, राख लावून त्यांनी ते दिवसभर घासलं. "तेलाचं आहे, पक्कं," म्हणाले. परसात शेवग्याखाली ते उभं राहिलं.

ते दिवस मला स्वप्नात पाहिल्यासारखे आठवतात. दुपारी सगळं घर पेंगायचं. मी परसात पिंपाला टेकून बसायची. झाकण काढलं की आत आभाळाचा गोल तुकडा, त्यावर शेवग्याची पानं डोलायची, आणि पाण्याला एक गोडसर वास. पिकल्या केळ्यासारखा. मला त्या वासाचे डोहाळेच लागले होते. ते पाणी खरं धुण्याभांड्याचं, पण मी खुशाल फुलपात्र बुडवून प्यायची. आई ओरडायची, मी हसायची. पोटातलं बाळ फिरायचं. मला वाटायचं, तेही त्या निळ्या पाण्यात पोहतंय.

रविवारी अक्का आली. हातपाय धुवायला परसात गेली आणि तांब्या हातात घेऊन तशीच थांबली. नाक पाण्याशी नेलं. मग हाक मारली, "अप्पा, हे कुठून आणलं?"

"तेलाचं आहे गं. विकणारा स्वतः म्हणाला."

"काय म्हणाला? त्याचेच शब्द सांगा."

"एण्णीदु ब्यारल री अण्णा, असं म्हणाला. मग? तेलच ना?"

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. मला सगळं एकदम कळलं. अप्पांना मात्र कळेना. अक्कानं बाटलीत पाणी भरून घेतलं, झाकण लावून पिंप दोरीनं आवळलं. "याला कुणी हात लावायचा नाही."

"अगं, नळाचा पत्ता नाही आणि भरलं पिंप बांधतेस?" अप्पा चिडले. मग अक्कानं त्यांना खेड्यातली ती गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी ते झोपले नाहीत. खाली बसले आणि आपल्याच हातांकडे बघत राहिले.

अक्का माझ्याकडे वळली. "रश्मी, किती प्यायलीस? किती दिवस?"

"खड्ड्यात गेले तुझे प्रश्न!" मी किंचाळले. "माझ्या बाळाला काही होईल का, तेवढं सांग."

"माहीत नाही."

इतका राग आला! हातातलं फुलपात्र मी तिच्या अंगावर फेकलं. सख्खी बहीण, एवढी शिकलेली, एक खोटा धीर देववला नाही तिला. ती माझ्याजवळ बसून राहिली. पडलेलं फुलपात्र उचलून तिनं मांडीवर धरलं होतं.

पुढे रोज संध्याकाळी ती धारवाडहून पाण्याचे कॅन घेऊन बसनं यायची. मला डॉक्टरकडे नेऊन आणलं. तपासणीत पाण्यात पिकावर मारायचं औषध सापडलं, पण अगदी थोडं. "धोका कमी आहे," ती म्हणाली. "धोका नाही, असं म्हण की," मी विनवलं. ती म्हणाली, "तसं माहीत असतं तर पहिल्यांदा तुलाच सांगितलं असतं." त्यानंतर मला झोप अशी लागलीच नाही. डोळा लागला की निळं पाणी दिसायचं. अप्पा तर जेवतानाही मध्येच उठून जायचे.

मुलगी झाली. डॉक्टर म्हणाले, छान आहे. तरी अप्पा पाळण्याजवळ यायला तयार नाहीत, दारातच उभे. बाराव्या दिवशी अक्कानं बाळाला उचललं, टाळूला नाक लावलं आणि पिंपाचा घेतला होता तसाच वास घेत राहिली.

"कसला वास येतोय?" दारातून अप्पांनी विचारलं.

"एण्णीचा," अक्का म्हणाली.

अप्पांनी चौकट घट्ट धरली.

"कोब्बरी एण्णी, अप्पा! आईनं टाळू भरलीय." आईच्या हातात खोबरेलाची बाटली तशीच होती. अक्का हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिनं बाळाला नेऊन अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी वाकून, भीत भीत वास घेतला आणि म्हणाले, "हो गं. तेलच आहे."