भुऱ्याचा बाप

आमच्या मोठ्या आईला, म्हणजे वडिलांच्या थोरल्या वहिनीला, गोदाबाईला, काळजी करायला कारण लागत नाही. आभाळ भरून आलं तरी तिच्या पोटात गोळा, मोकळं झालं तरी गोळा. मूलबाळ नाही, मोठे बाबा जाऊनही बरीच वर्षं झाली. पण यंदाच्या माघात तिची भीती अगदी खरी होती.

बार्शीटाकळीकडच्या आमच्या गावात अब्दुल गफ्फारचाचांची दोन करडं कोणीतरी फाडली आणि संशय आला तिच्या भुऱ्यावर. कुत्रा दिसायचाच तसा. राखाडी रंग, ताठ कान, पिवळे डोळे, आणि भुंकणं माहीतच नाही. पिल्लू असताना तो तिला वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सापडला होता. आई गावातलीच एक मोकाट कुत्री, पण बाप कोणी पाहिलेला नव्हता. गावाने परस्पर ठरवून टाकलं, बाप लांडगा. मग पोरं विष घालायची भाषा करू लागली.

गफ्फारचाचा भला माणूस. घरी येऊन म्हणाले, "गोदाबाई, मी कोणाले भडकावत नाही. पण पोरं ऐकून नाही राहिले. याचा बाप लांडगा नाही एवढं दाखवा, मंग त्याईले मी पाहून घेतो."

मोठ्या आईचं जेवण सुटलं. भुऱ्याला घरात बांधून ती दारातच बसायची. त्याच्यापुढची भाकर आधी स्वतः हुंगायची. आम्ही हसलो की अंगावर यायची.

एका सकाळी मात्र ती माझ्या वडिलांपुढे उभी राहिली. "भाऊजी, ज्या वर्षी आपल्या वावरात मेंढ्या बसवल्या, त्याच उन्हाळ्यात हा सापडला. मेंढ्याईसंग कुत्रे होते. तेच लोक यंदा बोलवा."

मेंढ्या रात्रभर वावरात बसल्या की लेंडीखत मिळतं, त्याबदल्यात मेंढपाळांना धान्य द्यायचं. वडिलांचा यंदा तसा विचार नव्हता. कुत्र्यापायी धान्य घालवायचं का, म्हणून ते कुरकुरले, पण निरोप धाडला.

कळप आला तेव्हा अर्धं गाव वावरात जमलं. कळपाची मालकीण तानुबाई भुऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "सोडा त्याले."

मोठ्या आईच्या हातातली दोरी सुटेना. "मेंढरू फाडलं त्यानं तर?" ती माझ्या कानात म्हणाली. शेवटी वडिलांनीच दोरी सोडली.

भुऱ्या थेट कळपावर धावला. गफ्फारचाचांनी डोळे मिटून घेतले. भुऱ्या मागे पडलेल्या एका कोकराला वळसा घालून गेला, खांद्याने ढकलत त्याला आत घातलं आणि कळपाबाहेर, गावाकडे तोंड करून आडवा झाला. कळपाच्या दुसऱ्या अंगाला एक म्हातारा राखाडी कुत्रा असाच पडलेला होता.

"तो आमचा खंड्या," तानुबाई म्हणाली. "तोबी भुंकत नाही. पाहून घ्या याचा बाप."

गफ्फारचाचा पोरांकडे वळले. "आता कोणी हात लावून दाखवा याले."

त्या दिवशी मोठी आई पोटभर जेवली. भुऱ्या वावरातच राहिला, आणि तिनेही त्याला बांधायला आणलं नाही. आता कशाची भीती होती?

कळप उठला तेव्हा एका बाजूने खंड्या निघाला, दुसऱ्या बाजूने भुऱ्या. मोठ्या आईने हाक मारली. तो थांबला, वळून पाहिलं. तेवढ्यात एक कोकरू बाहेर पडलं आणि तो त्याच्यामागे गेला.

"बांधून ठेवा वाटलं तर," तानुबाई म्हणाली. "तुमचाच हाये तो."

मोठ्या आईने लांब जाणाऱ्या भुऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्याले कोरडी भाकर जात नाही. ताकात कुस्करून देत जा."

घरी येताना ती रडत होती. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "मोठी आई, जीव वाचला न त्याचा. बाप सापडला."

"हो," ती म्हणाली. "मीच शोधून देल्ला."