पाहुण्यांचा मासा, मावशीचा मासा

अन्याय झाला तो टोकावड्याच्या पुढच्या वाडीवरच्या एका बाईवर. गेल्या संक्रांतीच्या आदल्या बुधवारी, दुपारी दीड वाजता. रस्त्यालगतच्या एका बंगल्यात दिवाळीपासून मॅक्रोबायोटिक आहाराचं शिबिर चालू होतं आणि ती तिथली स्वयंपाकीण. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही. एका बोंबलापायी तिला घरी पाठवलं. मी तिथे होते, म्हणून लिहितेय.

शिबिराची माहितीपुस्तिका मराठीत करायला मला सापगावहून बोलावलं होतं. ही मोर्च्याची पत्रकं लिहिते, म्हणजे हेही लिहील, असा त्यांचा अंदाज. तर ती विद्या आधी तुम्हाला फुकट सांगून टाकते. अर्धं ताट अख्ख्या धान्याचं: हातसडीचा तांदूळ, नाचणी, वरी. पाव ताट भाज्या, थोडी डाळ, थोडं समुद्री शेवाळ, आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं वाटीभर सूप. साखर, दूध बंद. बटाटा, टोमॅटो, वांगीही बंद. प्रत्येक पदार्थ एक तर शरीर आवळतो, नाहीतर सैल सोडतो. त्या दोन्हींचा तोल साधायचा. घास इतका चावायचा की गिळायला काही उरूच नये. मुख्य नियम असा, की जिथे राहता तिथलं आणि त्या ऋतूतलं खा. मासा अधूनमधून चालतो. हे शेवटचं तेवढं लक्षात ठेवा.

जेवण वाईट नव्हतं. मावशीच्या हातचं होतं ना! पण ‘तिथलंच खा’ सांगणाऱ्या त्या घरात शेवाळ जपानचं, सोयाबीनचा लगदा जपानचा, आणि कुंपणापलीकडच्या मळ्यातली वांगी मात्र वर्ज्य. शिकवणाऱ्या ताई मुंबईच्या. त्या डोळे मिटून चावायच्या, म्हणून पैसे भरून आलेले पाहुणेही डोळे मिटून चावायचे. जेवणघरात गोठ्यासारखा आवाज यायचा.

सूपसाठी रोज सकाळी एक पाकीट उघडायचे. आत रंध्याखालून निघावेत तसे पातळ काप. मी आले त्या पहिल्याच दिवशी मावशीनं ते हुंगलं आणि मला हाक मारली.

“इकडं ये गो. ह्यो बघ यांचा बोंबील!”

मी हुंगलं. सुका मासाच होता तो, जपानी, किसलेला.

“माजा अख्खा, यांचा किसल्याला,” मावशी म्हणाली. “तिकडं कोणाला दात नसतील.”

“दात नसते तर एवढं चावायला सांगितलं असतं का मावशी?”

दोघी पोट धरून हसलो.

त्या बुधवारी पाहुण्यांची जेवणं झाल्यावर ती मागच्या ओट्यावर डबा उघडून बसली. नाचणीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि चुलीत भाजलेला बोंबील. तिकडून जाणारी एक पाहुणी नाकाला ओढणी लावून आत पळाली. मग ताई आल्या, मागून चार पाहुणे.

“मावशी, हे इथे नको. किचनची सगळी ऊर्जा बिघडते.”

“अवो ताई, तुमच्या सूपमदी बी हायच की ह्यो.”

पाहुणे हसले. ताई नाही हसल्या. मी म्हटलं, “मासा चालतो असं तुमच्याच पुस्तिकेत आहे.”

“तो वेगळा. ती शेकडो वर्षांची परंपरा आहे.”

“आणि मावशीचा?”

“त्याला वास येतो.”

एवढं बोलून ताईंनी मावशीला हात जोडले आणि मधासारख्या आवाजात सांगितलं, “उद्यापासून तुम्ही येऊ नका.” मध मात्र त्यांच्या आहारात बसत नाही.

मावशीनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मी पुस्तिकेचे कागद ताईंच्या टेबलावर आपटले आणि तिच्याबरोबर एसटीच्या थांब्यावर आले. वाटलं, शाबासकी देईल. ती माझ्यावरच उखडली.

“तू कशाला सोडलंस गो? आता आत बोलणारं कोण राह्यलं? मला तुजी लढाई नको, माजी चूल पायजे. बंगल्यातली चूल व्हती म्हणून यंदा भट्टीवर नाय गेलो आमी.”

संक्रांत झाली आणि घराला कडी घालून, चौथीतल्या पोरीला शाळेतून काढून, ती नवऱ्यासोबत भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. पावसाच्या तोंडावर परतली. पोर अजून चौथीतच.

दिवाळीनंतर शिबिर पुन्हा आहे. भट्टीचा मुकादमही दिवाळीनंतरच मजूर ठरवायला वाडीवर येतो. दोघांपैकी तिच्या दारात आधी कोण उभं राहतं, यावर त्या घराचं वर्ष ठरणार.

तुमच्यापैकी काही जण त्या शिबिराला जाणार आहेत, मला माहीत आहे. पैसे भरण्याआधी फोन करा. गुळाचा चहा मिळेल का, हे विचारू नका. ती मावशी कामावर परत आली का, ते विचारा. ती कुठे बसून जेवते, ते विचारा. तुमच्याच टेबलावर, स्वतःचा डबा उघडून जेवत असेल तर खुशाल जा. नसेल तर जागा घेऊ नका, आणि का घेत नाही ते ताईंना स्पष्ट सांगा. मुकादम यायच्या आत सांगा.