दिवसा लावलेलं दार

झालेकाच्या निर्वासित छावणीत दिवसाढवळ्या कुणी दार लावत नाही. लावलंच तर घरात मढं आहे नाहीतर कॉलरा, असं सगळी गल्ली धरून चालते. नाबिंतूला हे ठाऊक नव्हतं असं नाही. कोंगोतून पळून मलावीत आली तेव्हा ती परकरी पोर होती, आता तिशी उलटली ती याच गल्लीत. तरी त्या सकाळी तिने दार लावलं, वर कडीही घातली.

पदवीचा शेवटचा पेपर होता. पदवी परदेशी विद्यापीठाची, कुठेही मान्य होणारी. छावणीबाहेर काम करायची परवानगी नसलेल्या बाईला दुसरी वाट तरी कुठली? मंदाझीचे गोड वडे तळून विकता विकता तिने वर्षानुवर्षं अभ्यास रेटला होता. छावणीतल्या अभ्यासकेंद्रातली वीज गेलेली, म्हणून हा पेपर घरून, उसन्या लॅपटॉपवर. खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये, तोंडातून शब्द निघता कामा नये, अशी अट होती. समोर कॅमेरा. फी भरणारं अनुदान याच वर्षी संपत होतं, त्यामुळे पुन्हा परीक्षा नाही.

आणि या शहाणीने कुणाला सांगितलं नव्हतं! नापास झाले तर गल्ली हसेल, ही धास्ती.

शेजारच्या झावादी मावशीची लेक अशाच बंद दाराआड कॉलऱ्याने गेली होती.

"नाबिंतू! अगं ए, दार का लावलंयस?" मावशीने कडी वाजवली. "बये, हूं तरी कर! जिवंत आहेस ना?"

नाबिंतूने ओठ दाताखाली धरले. हूं म्हणायचीही चोरी होती. तिच्या गप्प बसण्यानेच घात केला.

"गेली गं माझी पोर!" मावशीने हंबरडा फोडला. गल्ली धावली. कडी उखडली, बायका आत घुसल्या आणि पडद्यावर अक्षरं उमटली: परीक्षा रद्द.

मावशीने तिला कवटाळलं. "आहेस गं, आहेस! मग मेले, बोलली का नाहीस?"

हिचा गळा दाबावा असं नाबिंतूला वाटलं. पण ती तिच्याच खांद्यावर कोसळली आणि हुंदक्यांतून सगळं सांगून बसली. आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी तिला ओढतच केंद्रात घेऊन गेली.

"निर्णय वरून झालाय. माझ्या हातात काही नाही," तिथला साहेब म्हणाला.

"साहेब, दार मी तोडलं. नापास करायचं तर मला करा, हिला सोडा."

"मावशी, तुमचं नावच नाही इथे."

"मग घाला की," मावशी म्हणाली आणि अंगठा पुढे करून उभी राहिली.